मानसशास्त्राचे महाविद्यालय कसे निवडावे?

महोत्सवानिमित्त धर्मग्रामातील तरुणतरुणी व त्यांचे पालक यांच्या सभेत केलेले भाषण



महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'उच्च शिक्षण' हे दोन शब्द छापलेले आपण पाहिले असतील. हा विषय इतका विस्तीर्ण आहे की त्यावर मी बोलू लागल्यास सायंकाळची आराधना चुकेल, आणि फादरांचा रोष पत्करण्याचे वय आता माझे राहिले नाही. यास्तव ह्या मोठ्या शेताचा एकच वाफा मी आज घेतो. गेल्या काही वर्षांत आपल्या धर्मग्रामातील मुले, आणि त्यांतही विशेषेकरून मुली, बारावीच्या निकालाच्या सुमारास माझ्या ओसरीवर येतात आणि विचारतात, "गुरुजी, मला मानसशास्त्र शिकावयाचे आहे, कोणते कॉलेज चांगले?" मुलीच्या मागे तिची आई उभी असते. तिचा प्रश्न निराळा असतो. ती म्हणते, "गुरुजी, हे शिकून पोरीला पुढे मिळेल काय?" हे दोन प्रश्न एकमेकांपासून तोडता येत नाहीत. ते तोडिले म्हणजे काय होते हे मी माझ्या स्वतःच्या घरात पाहिले आहे, आणि ते आपणांस सांगावे म्हणूनच मी हे आमंत्रण स्वीकारिले.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाली. तिचे नाव मी येथे घेत नाही, आणि ज्या संस्थेत ती गेली तिचेही घेत नाही. दूरच्या एका मोठ्या शहरातील त्या संस्थेचे रंगीत माहितीपत्रक तिच्या हाती आले. त्यात काचेची उंच इमारत होती, हिरवळ होती, हसणाऱ्या मुली होत्या. आणि तीन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण होताच विद्यार्थिनीस मनोरुग्णांवर उपचार करिता येतील असे आश्वासन होते. मेहुणे ते पत्रक घेऊन माझ्याकडे आले. घरात मी एकटाच पदवीधर. मी चष्मा लाविला, पत्रक उलटसुलट पाहिले आणि "पाठवा" म्हणालो. कोणता प्रश्न विचारावा हे मलाच ठाऊक नव्हते, परंतु तसे कबूल करण्याइतका नम्रपणा माझ्या अंगी नव्हता. मेहुण्यांनी पतपेढीचे कर्ज काढिले. बहिणीच्या पाटल्या गेल्या.

तीन वर्षांनी मुलगी पदवी घेऊन परत आली. प्रयोगशाळा म्हणून तेथे एक कुलूप लावलेले कपाट होते. ते कपाट उघडलेले तिने तीन वर्षांत दोनदा पाहिले; प्रयोगांच्या वह्या मागल्या वर्षीच्या मुलींच्या वह्यांवरून उतरून घेण्याची तेथे रीतच होती. नगरच्या एका रुग्णालयात ती कामासाठी गेली तेव्हा तेथील मनुष्याने सौम्यपणे विचारिले, "आपला नोंदणी क्रमांक काय?" नोंदणी असते हेच तिला कोणी सांगितले नव्हते. त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, "मामा, तुम्हांलाही माहीत नव्हते ना?" त्यानंतर मी जे वाचिले, जे विचारिले आणि जेथे जेथे जाऊन पाहिले, त्याचे सार आज आपणांपुढे ठेवितो.

प्रथम एक घोटाळा दूर करू. आपल्याकडे मनाच्या आजारावर काम करणाऱ्या सर्वांनाच 'सायकॉलॉजीचा डॉक्टर' म्हणतात. वास्तविक ही तीन निराळी माणसे आहेत. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्य असतो. तो आधी एम.बी.बी.एस. होतो, मग मनोविकारांचे विशेष शिक्षण घेतो आणि औषधे लिहून देतो. त्याचा मार्ग बारावीला जीवशास्त्र आणि नीटची परीक्षा असा आहे, कलाशाखेतून तिकडे वाट नाही. दुसरा चिकित्सा मानसशास्त्रज्ञ. तो औषध देत नाही, परंतु मनाची तपासणी करितो, चाचण्या घेतो आणि संवादाच्या मार्गाने उपचार करितो. तिसरा समुपदेशक, शाळा, कारखाना, व्यसनमुक्ती केंद्र, कुटुंब अशा ठिकाणी अडचणीत सापडलेल्या माणसाशी बोलून त्याला वाट दाखविणारा. बी.ए. ही पदवी ह्या तिघांपैकी कोणीही बनवीत नाही. ती केवळ पायरी आहे, आणि ज्या महाविद्यालयाचा मनुष्य आपणांस ह्याच्या उलट सांगतो त्याच्या दारातून आपण परत फिरावे हे उत्तम.

कायदा ह्या बाबतीत स्पष्ट आहे. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा 1992 सालचा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करणाराचे नाव ह्या परिषदेच्या नोंदवहीत असावे लागते. पुढे 2017 सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ कोणास म्हणावे ह्याची व्याख्याच केली: मानसशास्त्रातील पदव्युत्तर पदवी, आणि तिच्यावर परिषदेची मान्यता असलेले दोन वर्षांचे पूर्णवेळ एम.फिल. आता नव्या शैक्षणिक धोरणात एम.फिल. ही पदवीच बंद होत आहे. चिकित्सा मानसशास्त्रापुरती तिला मुदतवाढ मिळत गेली, आणि तिच्या जागी परिषदेने नवे अभ्यासक्रम आणिले आहेत. हा बदलाचा काळ आहे. म्हणून मागल्या वर्षी शेजारच्या मुलीने काय केले ह्यावर विसंबू नये. ज्या वर्षी प्रवेश घ्यावयाचा त्या वर्षी परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी स्वतः पाहावी. 'मान्यताप्राप्त' हा शब्द पत्रकावर छापण्यास पैसे पडत नाहीत; यादीत नाव असणे ही निराळी गोष्ट आहे.

आणखी एक सूचना, कारण ह्याच गोष्टीत यंदा दोन कुटुंबे फसता फसता वाचली. घरी बसून, पत्रद्वारा अथवा ऑनलाइन मानसशास्त्राची पदवी घेण्याचा मार्ग पूर्वी पुष्कळजण धरीत असत. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्रासह आरोग्यसेवेशी संबंधित विषयांचे असे शिक्षण बंद केले आहे. तरीही कोणी दलाल दुकान मांडून बसला असल्यास त्याला नमस्कार करून पुढे जावे.

आता महाविद्यालयाकडे वळू. मानसशास्त्र हे शास्त्र आहे, केवळ माणसे ओळखण्याची हातोटी नव्हे. विल्हेल्म वुंट ह्या जर्मन पंडिताने 1879 साली लायप्त्सिग येथे प्रयोगशाळा उघडिली, तेव्हापासून हे शास्त्र तत्त्वज्ञानाच्या घरातून वेगळे निघाले असे मानितात. आपल्या देशात कलकत्ता विद्यापीठाने 1916 साली ह्या विषयाचा पहिला विभाग काढिला. त्याचे प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्त हे अमेरिकेत हार्वर्ड येथे शिकून आले होते. मग म्हैसुरास 1924 साली दुसरा विभाग निघाला. सांगावयाचा मुद्दा हा की ह्या शास्त्राचा जन्मच प्रयोगशाळेत झाला, म्हणून महाविद्यालय पाहावयास गेल्यावर मी प्रथम प्रयोगशाळा पाहतो. तेथे फार महागडी यंत्रे लागत नाहीत. एक साधा प्रयोग सांगतो. विद्यार्थिनीपुढे कागदावर एक चांदणी काढलेली असते. आडोसा असा लाविलेला असतो की कागद व हात तिला दिसू नयेत, समोरच्या आरशातच दिसावेत. आता आरशात पाहून त्या चांदणीच्या रेषेवरून पेन्सिल फिरवावयाची. हात भलतीकडेच धावतो. मोठमोठ्या हुशार माणसांची फजिती होते. दहा-पंधरा वेळा केले की हात शहाणा होतो, चुका कमी होतात, वेळ कमी लागतो. आणि गंमत अशी की उजव्या हाताने शिकलेले काही अंशी डाव्या हातालाही आलेले असते! ते किती आले हे मोजून, आकडे मांडून, त्याचा आलेख काढून विद्यार्थिनी वहीत लिहिते. ज्या मुलीने हे स्वतःच्या हाताने केले तिला शिकणे म्हणजे काय हे समजले. जिने ते दुसरीच्या वहीवरून उतरविले तिला केवळ अक्षर चांगले काढणे समजले.

म्हणून प्रवेश घेण्यापूर्वी तेथे एक दिवस जावे. कार्यालयात विचारू नये. कार्यालयातील कारकुनास शुल्काचा आकडा ठाऊक असतो, एवढेच. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठावे, चहा पाजावा आणि विचारावे: प्रयोग तुम्ही करिता की लिहिता? कायम नेमणुकीचे प्राध्यापक किती, आणि तासावर येणारे किती? एखाद्या रुग्णालयात, बालगृहात, शाळेत तुम्हांस नेतात काय? मागल्या वर्षीच्या मुली एम.ए.ला कोठे गेल्या? ह्या शेवटल्या प्रश्नाचे उत्तर जेथे चटकन मिळते ते महाविद्यालय बहुधा चांगले असते, असा माझा अनुभव आहे. आणि नव्या धोरणापासून एक प्रश्न वाढला आहे: पदवी तीन वर्षांनी घेता येते, तसेच चौथे वर्ष करून 'ऑनर्स'ही होता येते, तेव्हा मानसशास्त्र हा मुख्य विषय घेऊन चौथे वर्ष त्याच महाविद्यालयात करण्याची सोय आहे की नाही? कित्येक ठिकाणी मानसशास्त्र पहिल्या वर्षास असते, परंतु पुढे मुख्य विषय म्हणून मिळत नाही. मुलगी मग नाइलाजाने दुसराच विषय घेते.

गणिताची भीती वाटते म्हणून मानसशास्त्र घेणाऱ्यांस एक कटू सत्य सांगितले पाहिजे. ह्या शास्त्रात संख्याशास्त्र आहे, आणि ते टाळता येत नाही. सरासरी, विचलन, सहसंबंध ह्यांवाचून एकही प्रयोग पुरा होत नाही. दहावीचे गणित ज्याला नीट येते त्याला ते झेपते.

आता भिंगारच्या उंबरठ्यावरून बाहेर पाहू. आपणांस सर्वांत जवळचे ते अहमदनगर महाविद्यालय. डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे ह्या ख्रिस्ती गृहस्थांनी 1947 साली ते स्थापिले, आणि जिल्ह्यातील कितीतरी गरीब मुलांस उच्च शिक्षणाचे दार त्यामुळे उघडले. तेथे मानसशास्त्र शिकविले जाते. मुलगी सकाळी घरातून निघून दुपारी घरी जेवावयास येऊ शकते. पुणे, अहिल्यानगर व नाशिक हे तिन्ही जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. यास्तव जी महाविद्यालये स्वायत्त नाहीत त्यांचा अभ्यासक्रम एकच असतो. नगरात बसून वाचलेले पुस्तक आणि पुण्यात बसून वाचलेले पुस्तक ह्यांत फरक नाही. कलाशाखेत उत्तरे मराठीतून लिहिण्याची मुभा आहे, हीही मोठी सोय होय. परंतु येथे मी पालकांस नव्हे, मुलांस सांगतो: उत्तरे मराठीतून लिहा, पण पुस्तके इंग्रजीतूनही वाचीत चला. एम.ए.नंतरचे बहुतेक सर्व वाचन इंग्रजीत आहे, आणि तेथे एकाएकी उडी मारिता येत नाही.

विद्यापीठाला जिचे नाव आहे त्या सावित्रीबाईंनी शिक्षिकेचे धडे आपल्याच नगरात मिस फॅरार ह्यांच्या संस्थेत घेतले होते. त्या पुण्याहून नगरला शिकावयास आल्या. आपल्या मुली नगरहून पुण्यास जातात. मुलीस बाहेरगावी कसे पाठवावे असे विचारणाऱ्या आजीबाईंनी एवढे ध्यानात आणावे.

पुणे येथून सुमारे 120 किलोमीटर. फर्ग्युसन महाविद्यालय 1885 सालचे, सर परशुरामभाऊ 1916 सालचे. शिवाजीनगरचे मॉडर्न महाविद्यालयही आहे. पुण्याचा खरा लाभ इमारतींत नाही, आसपासच्या कामांत आहे. डॉ. वि. वि. उर्फ अप्पा पेंडसे हे स्वतः मानसशास्त्राचे अभ्यासक. त्यांनी 1962 साली ज्ञान प्रबोधिनी काढिली आणि बुद्धीचे मापन व शिक्षण ह्यांचा मेळ घातला. 1986 साली डॉ. अनिता व अनिल अवचट ह्यांच्या प्रयत्नांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभे राहिले. येरवड्यास मनोरुग्णालय आहे. डोळे उघडे ठेवणाऱ्या विद्यार्थ्यास अशा गावी वर्गाबाहेरही शिकता येते. ज्या घराला वसतिगृहाचा खर्च सहज पेलतो त्यांनी पुणे अवश्य पाहावे. ज्यांस तो कर्ज काढून करावा लागतो त्यांना मी सांगेन की पहिली तीन वर्षे नगरला काढा, गुण चांगले मिळवा, आणि हातचा पैसा एम.ए.साठी राखून ठेवा. खरा खर्च व खरी चढाओढ तेथे आहे. बहिणीच्या पाटल्या बी.ए.लाच संपल्या, हीच आमची चूक झाली.

मुंबईचे सेंट झेवियर्स महाविद्यालय येशूसंघीय फादरांनी 1869 साली स्थापिले. पुढे ज्या संघाच्या फादरांनी आपल्या जिल्ह्यात पायपीट केली, ज्यांच्यापैकी फादर डोरिंग ह्यांनी 1903 साली केंदळ येथून 'निरोप्या' मासिक सुरू केले, तोच हा येशूसंघ. मुलींसाठी सोफिया महाविद्यालय 1940 पासून आहे. दोन्ही ठिकाणी मानसशास्त्राचा लौकिक चांगला. प्रवेशाची चढाओढही तशीच. अल्पसंख्याक संस्थांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठी काही जागा राखलेल्या असतात ही गोष्ट आपल्या लोकांस माहीत नसते, आणि माहीत असते त्यांच्याकडे ऐन वेळी बाप्तिस्म्याचा दाखला नसतो. बंगळुरूचे क्राइस्ट विद्यापीठ हेही कॅथोलिक धर्मगुरूंचे. तेथे मानसशास्त्राचा पसारा मोठा, आणि शुल्कही त्याच मानाने मोठे. दिल्लीस जावयाचे असल्यास जीझस अँड मेरी हे धर्मभगिनींचे महाविद्यालय आहे. परंतु दिल्ली विद्यापीठाचा प्रवेश 2022 पासून सी.यू.ई.टी. ह्या सामाईक परीक्षेवर होतो, आणि तिचा अर्ज बारावीच्या निकालाच्या कितीतरी आधी भरावा लागतो. निकाल हाती घेऊन जूनमध्ये माझ्याकडे येणारास मी तेथे काहीच मदत करू शकत नाही.

काही मुले आता एक नवे नाव घेऊन येतात: कॉग्निटिव्ह सायन्स. मराठीत त्याला बोधनविज्ञान म्हणू. मन माहिती कशी घेते, साठविते व वापरते ह्याचा शोध मानसशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान, मेंदूचे शास्त्र आणि संगणकशास्त्र ह्यांनी मिळून घ्यावयाचा, अशी ही सामायिक विहीर आहे. उदाहरण दूर नको. आपल्या कॅम्पातले पाच वर्षांचे पोर घरात मराठी बोलते, बाजारात शिपायांच्या मुलांशी हिंदी बोलते, शाळेत सिस्टरांशी इंग्रजी बोलते आणि सहसा घोटाळा करीत नाही. हे तीन कप्पे त्याच्या डोक्यात वेगवेगळे राहतात की एकाच कप्प्यातून ते पोर हवे ते उचलते? ह्या प्रश्नावर विद्वान लोक आयुष्ये घालवीत आहेत. परंतु आपल्याकडे ह्या विषयाची स्वतंत्र पदवी बारावीनंतर फारच थोड्या ठिकाणी मिळते. अलाहाबाद विद्यापीठात 2002 पासून ह्याचे केंद्र आहे, गांधीनगर व कानपूर येथील आय.आय.टी.त हा विषय आहे, हैदराबादेस आहे. ते बहुतांशी पदवीनंतरचे शिक्षण होय. तेव्हा ज्याला तिकडे जावयाचे त्याने बारावीनंतर नावाच्या मागे धावू नये. मानसशास्त्र मुख्य घ्यावे आणि जोडीला संख्याशास्त्र, संगणक, तत्त्वज्ञान अथवा भाषाशास्त्र ह्यांपैकी काही मिळेल असे महाविद्यालय शोधावे. नव्या धोरणात मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय निवडण्याची मोकळीक दिलेली आहे. ती प्रत्यक्षात किती मिळते हे ज्या त्या महाविद्यालयाच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. म्हणून वेळापत्रक मागून पाहावे. दोन्ही विषयांचे तास एकाच वेळी असल्यास ती मोकळीक कागदावरचीच.

पुढे मिळेल काय, ह्या आईच्या प्रश्नाला मी बगल दिली असे कोणी म्हणू नये. शाळांतून समुपदेशक लागतात. कारखान्यांतून माणसे निवडण्यास मानसशास्त्र लागते. आपण तर लष्कराच्या छावणीत राहतो. अधिकारी निवडणाऱ्या मंडळात मानसशास्त्रज्ञ बसतो हे येथील कोणताही सुभेदार सांगेल, आणि ही पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून चालत आली आहे. समाजकार्याकडे ओढा असल्यास मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था आहे. ती 1936 साली उभी करणारे डॉ. क्लिफर्ड मॅनशार्ट हे, ज्या अमेरिकन मराठी मिशनने नगरात शाळा काढिल्या, त्याच मिशनचे. ठाण्यास डॉ. आनंद नाडकर्णी ह्यांनी 1990 साली स्थापिलेली आय.पी.एच. ही संस्था आहे. कामाची वाण नाही. मात्र पदव्युत्तर शिक्षणावाचून ह्यांतील बहुतेक दारे किलकिलीच राहतात. म्हणजे पाच वर्षांची तयारी धरावी, तीनची नव्हे.

आता ज्येष्ठांच्या मनातील एक शंका. ती कोणी उघड बोलत नाही, परंतु मला ठाऊक आहे: हे शास्त्र शिकून मुले श्रद्धा गमावतील. मन हा विषय ख्रिस्तसभेला परका कधीच नव्हता. संत ऑगस्टीन ह्यांनी आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात स्मरणशक्तीचे जे निरीक्षण केले आहे ते आजचे मानसशास्त्रज्ञही आदराने वाचतात. वुंटच्या हाताखाली शिकून गेलेल्यांत एडवर्ड पेस हे कॅथोलिक धर्मगुरू होते. मिलान येथे 1921 साली कॅथोलिक विद्यापीठ काढणारे अगोस्तिनो जेमेल्ली हे फ्रान्सिस्कन संन्यासी, आणि तेच वैद्य व मानसशास्त्रज्ञ. बेल्जममधील लूवाँ येथील कॅथोलिक विद्यापीठात आल्बेर मिशोत् ह्यांनी कार्यकारणाच्या जाणिवेवर केलेले प्रयोग 1946 साली ग्रंथरूपाने आले, आणि बोधनविज्ञानवाले आजही त्यांचा उल्लेख करितात. पापनिवेदनाने पापाची क्षमा होते. उदासीनतेचा आजार हे पाप नव्हे. आत्महत्या करणाराच्या घराकडे आपण पूर्वी ज्या नजरेने पाहत असू ती आठवा. ख्रिस्तसभेच्या 1992 सालच्या धर्मशिक्षणग्रंथात म्हटले आहे की गंभीर मानसिक विकार, तीव्र वेदना वा भय ह्यांमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि त्याच्या तारणाविषयी निराश होऊ नये. हे लिहिणाऱ्या ख्रिस्तसभेला मानसशास्त्राचे वावडे कसे असेल? आपल्या आसपासच्या वाड्यावस्त्यांत आजही झटका आलेल्या बाईला प्रथम मांत्रिकाकडे नेतात, आणि आपलीही माणसे त्यांत नसतात असे नाही. तेथे बसून मराठीतून, तिच्याच बोलीतून बोलणारी शिकलेली मुलगी आपणांस हवी आहे. ती मुंबईहून येणार नाही.

शेवटी कागदपत्रे. बाप्तिस्म्याचा दाखला फादरांकडून आजच मागून ठेवा. मे महिन्यात त्यांच्या दाराशी रांग लागते. पूर्वी अनुसूचित जातींत असलेल्या व ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांस महाराष्ट्रात इतर मागासवर्गात धरितात. त्यांनी जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेअरचे प्रमाणपत्र तहसील कचेरीतून वेळीच काढावे, कारण महाडीबीटीवरील शिष्यवृत्तीचा अर्ज ह्यांवाचून पुढे सरकत नाही. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांसाठी प्रवेशपूर्व नोंदणी निराळी करावी लागते.

माझी भाची आज ह्या सभेत मागल्या बाकावर बसली आहे. तिने पुन्हा सुरुवात केली. पुण्यात एम.ए. केले, दोन वर्षे उशिरा केले, आणि आता ती तेथील एका शाळेत समुपदेशक आहे. मेहुण्यांचे कर्ज गेल्या दिवाळीत फिटले. पाटल्या आल्या नाहीत. तिने मला सांगितले आहे की ह्या विषयावर मामांनी एकट्याने सल्ला देऊ नये. तेव्हा येत्या चार रविवारी पहिल्या मिस्सेनंतर आम्ही दोघे ह्याच सभागृहात बसणार आहोत. येताना गुणपत्रक आणावे, आणि कोठले माहितीपत्रक हाती आले असल्यास तेही आणावे. पैसे भरण्यापूर्वी आणावे. दहाच्या आत यावे, कारण साडेदहाची पुण्याची गाडी तिला गाठावयाची असते.